पॅडल जमिनीला टेकलं तेव्हा

ब्रेकमामा गाडीशी आले की आधी नाक पुढे करायचे. बॉनेट नंतर, जॅक नंतर, आणि गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं तर सगळ्यात शेवटी. चाकाशी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि फुलांच्या दुकानात शिरल्यासारखा लांब श्वास घ्यायचे. मग गुडघ्यावर हात टेकवत उठता उठता म्हणायचे, "मागचं डावं धरून बसलंय. सुटत नाही. गाडी तिकडे ओढते ना?"

ओढतच असायची. गिऱ्हाईक मुकाट्यानं मान डोलवायचं.

त्यांची सून लग्न होऊन घरात आली आणि तिनं पहिल्यांदा हा प्रकार पाहिला, तेव्हा तिला वाटलं, सासऱ्यांचा एखादा नट ढिला दिसतोय. गॅरेज घराच्या खालीच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकलं की मामांचं टक्कल, त्याच्या शेजारी उघडं पडलेलं चाक आणि जमिनीवर मांडलेले पाने दिसायचे. पाटीवर नाव नव्हतं. नुसतं 'ब्रेक' लिहिलेलं होतं, तेही मामांनी स्वतःच रंगवलेलं, त्यामुळे शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे भिंतीच्या कोपऱ्यावरून वळून पलीकडे गेलं होतं. "ब्रेक वेळेवर लागला नाही त्यांचा," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारख्या हसायच्या.

जागा मात्र मोक्याची होती. वरच्या पठारावरचं छोटं शहर आणि खालचं मोठं शहर यांना जोडणारा उतार जिथे संपतो, तिथेच गॅरेज. गाड्या तापलेल्या चाकांचा वास घेऊनच दारात यायच्या. मामांना कधी जाहिरात करावी लागली नाही. उतार करायचा ती.

मामा इंजिनाला हात लावत नसत. बॅटरी, गिअर, एसी, काहीही नाही. "चालू करणारे पुष्कळ आहेत," म्हणायचे, "मी थांबवणारा आहे." गाडी घेऊन ते चक्कर मारायला जायचे, तीही चप्पल काढून, अनवाणी. पॅडल पायाला थरथरलं तर डिस्क वाकडी झालीय. स्पंजावर पाय ठेवल्यासारखं वाटलं तर तेलात हवा किंवा पाणी. सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलं आणि पॅडल हळूहळू खाली बसत गेलं, तर आत कुठेतरी गळतंय. बारीक किर्र आवाज म्हणजे पॅड संपत आलेत, अजून वेळ आहे, पण खर्र झालं, लोखंडावर लोखंड घासलं, की मामा जागेवर गाडी उभी करायचे आणि मालकाला म्हणायचे, "आता ही ढकलत नेऊ या." मालक हसायचा. मामा खरंच उतरून ढकलायला लागायचे.

या मामांचा एकुलता एक मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि त्याला गाडी लागायची. पोटात ढवळायचं, तोंड पांढरं पडायचं. तो सगळीकडे सायकलनं जायचा. आणि अशा या माणसानं प्रेमात पडून लग्न केलं ते रुग्णवाहिका चालवणाऱ्या मुलीशी!

तिला कामावर सगळे 'भोंगा' म्हणायचे. आवाज मोठा म्हणून नव्हे. भोंगा वाजतोय असं लोकांच्या लक्षात येईपर्यंत ती पुढच्या चौकात पोचलेली असायची म्हणून. तिचा हात होताच तसा. बोळातून, बाजारातून, दोन बसच्या मधल्या फटीतून ती गाडी अशी काढायची, की मागे बसलेली सिस्टर सलाइनची बाटली धरून डोळे मिटून घ्यायची. वरच्या शहरात एक लहानसा दवाखाना होता, मोठं रुग्णालय खाली. दिवसातून कधी एकदा, कधी तीनदा ती तो उतार उतरायची. आणि उतरायची म्हणजे कशी, तर वळण आलं की करकचून ब्रेक, वळण संपलं की पुन्हा सुसाट, पुढचं वळण आलं की पुन्हा ब्रेक. तिला त्याचा अभिमान होता. का नसावा? मागे जीव असतो. एकेक क्षण मोलाचा, असं तिला शिकवलेलं होतं, आणि ते तिनं मनापासून घेतलं होतं.

घरी जेवताना ती रंगात येऊन सांगायची. नवरा ताटात बघत बसायचा, कारण त्याला नुसतं ऐकूनही मळमळायचं. सासूबाई "अगं बाई, अगं बाई" करत राहायच्या. मामा जेवत राहायचे. फक्त एकदा त्यांनी विचारलं, "खाली पोचल्यावर चाकाशी जाऊन वास घेतेस का कधी?"

"मामा, मी पेशंट उतरवते. चाकाचा वास कधी घेऊ?"

"तेही खरंच," मामा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

एका रविवारी रुग्णवाहिका दारात उभी होती. मामा अनवाणी येऊन चालकाच्या जागी बसले आणि इंजिन बंद ठेवूनच पॅडल दाबलं. पुन्हा दाबलं. मग बराच वेळ पाय तसाच ठेवून ते समोरच्या काचेतून कुठेतरी लांब बघत राहिले, नाडी बघणारा वैद्य बघतो तसे.

"मऊ लागतंय," ते म्हणाले.

"थोडंसं. पण लागतात चांगले."

"ब्रेकचं तेल शेवटचं कधी बदललं?"

ते तिला माहीत नव्हतं. गाडीची देखभाल रुग्णवाहिका सेवेच्या स्वतःच्या कार्यशाळेत व्हायची.

"हे तेल पाणी पितं, पोरी. झाकण बंद असलं तरी हवेतला ओलावा हळूहळू ओढून घेतं. वरून कळत नाही. फार तापलं, तर ते पाणी आतल्या आत उकळतं आणि बुडबुडे होतात. तेल दाबलं तर दबत नाही, म्हणून तर तुझ्या पायाचा जोर चाकापर्यंत जातो. पण बुडबुडा दबतो. मग तुझा पाय नुसते बुडबुडे दाबत बसतो, आणि चाकाला पत्ताच नसतो की तू थांब म्हणतेयस."

"सांगते मी त्यांना," ती म्हणाली. सांगितलंही. कार्यशाळेतला माणूस म्हणाला, पुढच्या देखभालीला करू. ती विसरून गेली. पॅडल मऊ होतं, पण लागत होतं, आणि लागतंय तोवर कोण विचार करतो?

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी मामा वरच्या शहरातच होते. तिथल्या शाळेच्या बसचे मागचे ब्रेक ओरडत होते म्हणून सकाळीच हत्यारांची पिशवी घेऊन गेले होते. शाळेच्या नव्या खोल्यांचं काम चाललं होतं. मामा बसखाली आडवे असताना धप्पकन आवाज झाला आणि माणसं धावली. परांचीवरून पाय घसरून एक गवंडी खाली पडला होता. मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं, रक्त थांबत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन पट्टा आवळला, सलाइन लावली आणि म्हणाले, खाली न्या, इथे काही होणार नाही.

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर उचलायला चौघं लागले, त्यातले एक मामा. मागे गवंडी, सिस्टर आणि गवंड्याची बायको. बायको सारखी उठून उभी राहत होती, तिला धरायला कुणीतरी हवं होतं, पण जागा नव्हती. सिस्टर म्हणाली, "मामा, तुम्ही पुढे बसा. मधल्या खिडकीतून हिच्याशी बोलत राहा." मामांनी चपला हातात घेतल्या आणि सुनेच्या शेजारी चढले.

ती निघाली ती नेहमीच्या पद्धतीनं. भोंगा, मोकळा रस्ता आणि पुढे घसरत जाणारा उतार. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला खाली दिसणारी झाडांची टोकं. पहिलं वळण, करकचून ब्रेक. दुसरं वळण. तिसरं. मामा मागे वळून गवंड्याच्या बायकोला सांगत होते, "बघ, हात धर त्याचा, नुसता हात धर." आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांचं नाक वर गेलं.

"पोरी," ते म्हणाले, "गिअर खाली घे."

"मामा, आता नको—"

"गिअर खाली घे म्हणतो."

तिनं चिडून एक गिअर खाली घेतला. इंजिन घुंऽऽ करून ओरडलं. पुढे वळण येत होतं. तिनं ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. जायचा तेवढा गेला आणि आणखी गेला, आणि पॅडल जमिनीला टेकलं. गाडी जराही मंदावली नाही.

पुढे कित्येक वर्षं ती हे सांगायची, तेव्हा तो क्षण सांगताना तिचा उजवा पाय आपोआप पुढे सरकायचा. भीती अजून आली नव्हती, म्हणायची. आधी आलं ते आश्चर्य. रोज इतक्या वेळा जो जिना उतरतो, त्याची एक पायरीच कुणीतरी काढून नेली असावी, तसं.

"नाहीत," ती म्हणाली. तिच्याच आवाजाची तिला ओळख पटली नाही. "मामा, ब्रेक नाहीत."

"बरं," मामा म्हणाले. चहा संपलाय असं कुणी सांगितल्यावर म्हणावं, तसं. "इंजिन बंद करायचं नाही. चावीला हात लावायचा नाही. पॅडल भराभर मार, सोड-दाब, सोड-दाब. आणि वळण घे, डोंगराच्या अंगानं."

ते वळण तिनं कसं घेतलं, हे तिला कधीच नीट आठवलं नाही. टायर किंचाळले, मागे काहीतरी धडधडत खाली पडलं, गवंड्याची बायको ओरडली. वळण संपलं तेव्हा गाडी अजून रस्त्यावर होती आणि आधीपेक्षा जोरात होती.

मामांनी उजवा हात दोघांच्या मधल्या हँडब्रेकवर ठेवला होता. अंगठ्यानं वरचं बटण दाबून धरलेलं.

"हा तारेवर चालतो, तेलावर नाही," ते म्हणाले. ते तिला शिकवत होते! अशा वेळीसुद्धा! "एकदम ओढला तर मागची चाकं जाम होतील आणि आपण गोल फिरू. म्हणून थोडा ओढायचा, सोडायचा. ते माझ्याकडे. तू रस्ता बघ आणि गिअर बघ. आता आणखी एक खाली."

"बसणार नाही तो. वेग फार आहे."

"मी ओढतो तेव्हा बसव. आता."

त्यांनी ओढला, गाडी मागून कुणीतरी पदर धरावा तशी किंचित अडखळली, आणि तिनं गिअर खाली ढकलला. खडखडाट झाला, पण बसला. इंजिन आता नुसतं ओरडत नव्हतं, आक्रोश करत होतं. पण वेगाच्या काट्याकडे नजर गेली तर तो उतरत होता. हळू, जिवाला घोर लावत, पण उतरत होता.

समोर एक ट्रक दिसला. खालीच चाललेला, दगडांनी भरलेला, मुंगीच्या पावलानं. समोरून वर येणाऱ्या गाड्यांची रांग. मध्ये जागा नाही.  एवढ्यात मामा म्हणाले, "खाण."

तिला आधी कळलंच नाही. मग दिसलं. ट्रकच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला, दगडाच्या खाणीकडे जाणारी कच्ची वाट फुटत होती. चढाची. रोज ती त्या फाट्याजवळून जायची आणि रोज ती वाट तिला फक्त धूळ उडवणारी कटकट वाटायची.

"घेऊ?"

"घे."

तिनं चाक फिरवलं. गाडी एका अंगावर कलली, खडीत शिरली, दगड खालून गोळ्यांसारखे आपटले, आणि मग तो चढ आला. तिनं आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती. त्या चढानं गाडीचा वेग हातात घेतला आणि शांतपणे, कुणाचंही न ऐकता, काढून घेतला. गाडी थांबत आली. थांबली. आणि मागे सरकायला लागली.

"पहिला!" मामा ओरडले. त्या दिवसातलं त्यांचं हे एकच ओरडणं. त्यांनी हँडब्रेक पूर्ण वर ओढला, तिनं पहिला गिअर टाकून क्लच सोडला, इंजिन गचका देऊन बंद पडलं. मागचं दार उघडून सिस्टर बाहेर उडी मारून गेली आणि हाताला येईल तो धोंडा तिनं चाकामागे लोटला. मग दुसरा. मग तिसराही, गरज नसताना.

भोंगा अजून वाजत होता. मामांनी हात लांब करून तो बंद केला. सगळीकडे एकदम शांत झालं. चाकांतून निळसर धूर येत होता, आणि त्या वासात मासळी, रबर आणि जळालेलं लोखंड असं सगळं होतं. ती स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली. तिची बोटं त्यावरून सुटेचनात. मामांनी एकेक करून ती सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून खेळणं काढून घ्यावं तशी.

खाणीतली माणसं धावत आली. त्यांच्या मुकादमाकडे एक जीप होती. इकडे मामांनी खाली वाकून रुग्णवाहिकेचं पॅडल हातानं दाबलं. दगडासारखं कडक. गवंड्याच्या बायकोनं ते पाहिलं. "लागले ना आता ब्रेक? मग चला ना, चला ना लवकर!"

भोंगानं मामांकडे पाहिलं. तिलाही क्षणभर तेच वाटलं होतं.

"पॅडल परत आलंय, ताई, ब्रेक नाही आलेत," मामा म्हणाले. "तेल निवलं, बुडबुडे विरले, म्हणून कडक लागतंय. दोन वळणं गेली की पुन्हा हेच. याला जीपमधून न्यायचं."

जीपमध्ये गादी टाकली, स्ट्रेचर चढवलं, सिस्टर आणि बायको बसल्या. मुकादम स्वतः चालवायला बसला. शेवटपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जपून पाय लावत तो इतक्या सावकाश गेला, की भोंगाच्या जिवाची काहिली झाली. वळणावळणाला ती जीप दिसायची, लहान होत जायची, आणि तिला वाटायचं, धावत जाऊन मागून ढकलावी.

गवंडी वाचला. पाय थोडा आखूड झाला, पण वाचला. आणि संध्याकाळी सिस्टरनं सांगितलं, जीप भोंगाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा किती मागे पोचली ते. चहा ओतून तो पिण्याजोगा निवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा उशीर. बस्स. भोंगानं दोनदा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर तेच होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी दोरानं ओढत मामांच्या गॅरेजमध्ये आणली. सेवेचे प्रमुख आले. तेही पूर्वीचे चालकच, लंगडत चालणारे, मितभाषी. ते आत बसले, पॅडल दाबलं, आणि भुवया वर गेल्या.

"ब्रेक तर ठणठणीत आहेत."

भोंगाचं तोंड उतरलं. रात्रभर तिला याचीच धास्ती होती. लोक म्हणणार, घाबरली. बाई होती, गडबडली, दुसऱ्याच पॅडलवर पाय पडला असेल.

मामांनी वाद घातला नाही. त्यांनी चाक उतरवलं. डिस्क बाहेर आली आणि तिघंही वाकून बघायला लागले. चकचकीत पोलादावर निळ्या-जांभळ्या लहरी उमटल्या होत्या, मोराच्या मानेवर असतात तशा. दिसायला सुंदर, आणि बघताना अंगावर काटा येत होता. पॅड काढले तर त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला. मग मामांनी खालचा बारीक नट सैल केला, नळी लावली आणि भोंगाला पॅडल दाबायला सांगितलं. बाटलीत तेल पडायला लागलं. काळपट, दाट चहासारखं.

प्रमुख गुडघ्यावर बसले. बाटली उजेडात धरली. "म्हणजे हिचा पाय शेवटपर्यंत ब्रेकवरच होता," ते म्हणाले. मग भोंगाकडे वळून, "मी तुझ्या जागी असतो तर खाली दरीत असतो." त्याच दुपारी त्यांनी सगळ्या गाड्या एकामागून एक तेल बदलायला उभ्या केल्या, आणि जुनं तेल निघालेल्या त्या बाटल्या कार्यशाळेच्या खिडकीत मांडून ठेवायला लावल्या. कितीतरी दिवस त्या तिथे होत्या.

प्रमुख गेल्यावर भोंगाला एकदम हलकं वाटलं. ती हसत म्हणाली, "सुटले बाई. तेलाची चूक होती तर."

मामा हात पुसत होते. "तेल जुनं होतं, हे खरं. ते त्यांचं." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "पण उकळलं कुणी?"

 तिच्या डोळ्यांसमोर ती सगळी वळणं आली. करकचून, सुसाट, करकचून, सुसाट.

"मागे माणूस मरत असतो, मामा," ती अखेर म्हणाली. 

"म्हणूनच. चल, तुला काहीतरी दाखवतो."

मोठ्या शहराच्या कडेला एक नवा रस्ता तयार होऊन पडला होता, अजून कुणी वापरत नव्हतं. मामांनी जुन्या गिऱ्हाइकाची एक गाडी मागून घेतली, नवे ब्रेक, नवं तेल, सगळं त्यांच्याच हातचं. रस्त्यावर त्यांनी खडूनं आडवी रेघ मारली. "तीसच्या वेगानं ये आणि रेघ आली की जीव खाऊन ब्रेक मार."

ती आली, रेघेवर ब्रेक मारला, गाडी थांबली. चटकन थांबली. रेघेपासून पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंतही गेली नाही. तिला बरं वाटलं.

"आता साठनं."

दुप्पट वेग, म्हणजे दुप्पट अंतर, असा तिनं मनाशी हिशोब केला. खांब फार तर ओलांडू. रेघ आली. तिनं सगळं अंग पॅडलवर टाकलं. गाडी नाक खाली घालून घसरायला लागली. खांब गेला. खांब मागे पडत चालला. गाडी जातेच आहे, जातेच आहे, आणि पाय पॅडलवर इतका रुतलेला, की गुडघा दुखायला लागला. थांबली तेव्हा ती उतरली आणि मागे बघितलं. लांबवर मामा उभे होते, रेघेशी. तिनं मनाशी धरलं होतं त्याच्या दुप्पट लांब.

ती चालत निघाली. चालताना तिला जाणवायला लागलं की आपण काय चालतोय. हे सगळं अंतर तिनं ब्रेक दाबल्यानंतरचं होतं. म्हणजे मनात ती थांबली होती आणि रस्त्यावर थांबली नव्हती. या एवढ्या पट्ट्यात कुणी रस्ता ओलांडत असतं, कुणाची सायकल असती, चेंडूमागे धावणारं पोर असतं, तर तिचा पाय ब्रेकवर असूनही तिच्या हातात काहीच नसतं. ती मध्येच उभी राहिली. आजूबाजूला नुसता रिकामा डांबरी रस्ता होता, आणि तिला तो माणसांनी भरलेला दिसत होता.

मामांपाशी पोचली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते.

"दुप्पट नाही," ती म्हणाली.

"चौपट. वेग दुप्पट केलास की थांबायला चौपट लागतं. सगळीकडे, सगळ्यांना, कितीही चांगले ब्रेक असू देत. कुणी ठरवलंय कोण जाणे." मामांनी रस्त्याच्या त्या टोकाकडे पाहिलं. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अजून नवल होतं. "मला अजून पटत नाही बघ. दर वेळी वाटतं, आज तरी कमी येईल."

त्यानंतर भोंगा रुग्णवाहिका चालवायची सोडेल, असं घरात सगळ्यांना वाटलं होतं. नवऱ्यानं तर चष्म्याच्या दुकानात तिच्यासाठी जागा बघूनही ठेवली. तिनं त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुढच्याच आठवड्यात कामावर रुजू झाली. उतार आता ती वरूनच खालच्या गिअरमध्ये घ्यायची, ब्रेकला नुसती आठवण करून द्यायची. सिस्टर म्हणायची, पहिल्यांदाच या रस्त्यावरची झाडं दिसली मला. तिचं 'भोंगा' हे नाव मात्र तसंच राहिलं, आणि नवीन आलेल्यांना ते का पडलं, हे कळेनासं झालं.

रुजू होण्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट आहे. ती काहीतरी आणायला बाहेर पडली होती आणि उतार संपतो तिथल्या चौकात, पदपथावर उभी होती. दुपारची वेळ. वरून गाड्या येत होत्या. बस, दगडाचे ट्रक, पाण्याचा टँकर, दुचाकीवर कुणीतरी बायकोला आणि बाळाला घेऊन. सिग्नल लाल झाला.

आणि सगळे थांबले.

ती बघतच राहिली. एवढं लोखंड, एवढं वजन, उतारावरून घरंगळत आलेलं, आणि पांढऱ्या पट्ट्याअलीकडे येऊन गप्प उभं राहिलं. प्रत्येक गाडीत कुणाचा तरी पाय, पायाखाली एक पॅडल, आणि पॅडलपासून चाकापर्यंत नळीतलं ते घोटभर तेल. काठी टेकत एक आजी त्या सगळ्यांच्या तोंडासमोरून रस्ता ओलांडायला लागल्या. इकडे तिकडे न बघता, स्वतःशी काहीतरी पुटपुटत, अगदी अंगणातून चालावं तशा. ट्रकचा चालक कानात बोट घालून खाजवत होता. दुचाकीवरचं बाळ झोपलं होतं. कुणालाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आजींचा शेवटचा पाय अजून पदपथावर चढायचा होता. भोंगा पुढे झाली आणि तिनं त्यांचा हात धरला.